जुनी बुलेट ३५० रात्रभर उभी राहिली की ओव्हर होते, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त होऊन चालू होत नाही, प्लग ओला. नेमकं कुठं शोधायचं?

मांजराकाठ (लातूर)
गाडी १९९४ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर, पॉइंट-कॉइल (करंट तोडून ठिणगी पाडणारी जुनी पद्धत), १२ व्होल्ट.
सकाळी कार्बखाली पेट्रोलचा डाग आणि वास. वीस-पंचवीस किका मारल्या तरी चालू होईना. प्लग काढला की पेट्रोलनं निथळतो. पुसून, वाळवून लावला की दोन-तीन किकांत चालू होते. चालताना बरी चालते, स्लोवर (रेस न देता) मात्र काळा धूर मारू लागली. दुसरी तक्रार दुपारची: वीस किलोमीटर चालवून दहा मिनिटं बंद ठेवली की परत चालू व्हायला तयार नाही. अर्ध्या तासानं होते.
आतापर्यंत केलेलं: नवा प्लग, एअर फिल्टर साफ, कार्ब पेट्रोलनं धुतला, एअर स्क्रू दीड आट्यावर. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक रात्री बंदच असतो. फरक शून्य. जाणकारांनी कुठून सुरुवात करायची ते सांगावं.

बालाघाट_३५०
आधी किका मारणं थांबवा. वाळवलेल्या प्लगवर गाडी चालू होते म्हणजे इंजिन धड आहे. पण सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असताना जोरात किक मारली तर पेट्रोल दाबलं जात नाही. ताण थेट कनेक्टिंग रॉडवर आणि किकच्या गिअरवर येतो. किक मध्येच दगडासारखी अडली तर प्लग काढल्याशिवाय दुसरी मारायची नाही.

लगेच दुसरं काम: ऑइलच्या टाकीचं झाकण काढा आणि वास घ्या. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वर गेलेली असेल तर गाडी एक मिनिटही चालवू नका. पेट्रोल मिसळलेलं तेल पाण्यासारखं पातळ होतं. या इंजिनाचा बिग-एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) त्याच तेलावर तरंगतो.

आणि तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या समजा. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. एकाच औषधानं दोन्ही जातील असं धरून चाललात तर महिना जाईल.

दुधना
कार्बच्या बाउलवर (खालच्या पेट्रोलच्या वाटीवर) स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं दोन टिचक्या मारा, पेट्रोल अडवणारी नीडल बसते. नाहीतर मेन जेट (पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर बारीक टाका, ओव्हर होणं बंद.

कार्बोरेटर_काका (परभणी)
दुधना भाऊ, टिचकीचं बरोबर आहे, जेटचं नाही. टिचकीनं अडकलेला कचरा सुटतो आणि गाडी घरापर्यंत येते. ती खूणही आहे, की दोष नीडल आणि ती जिच्यावर बसते त्या सीटचाच. पण मेन जेट काम करतो पाऊण रेसच्या पुढं. उभ्या गाडीत रात्रभर पेट्रोल वाहतं त्याच्याशी जेटचा काही संबंध नाही. बारीक जेट टाकून सकाळचा डाग तसाच राहील, आणि भर उन्हात बीड रस्त्याला चढावर इंजिन तापून पिस्टन धरेल.

मांजराकाठ, मोजमाप केल्याशिवाय काही खोलू नका. दोन चाचण्या सांगतो.

पहिली कॉकची. कॉक बंद करा, कार्बकडचं पाइपचं टोक काढून बाटलीत सोडा, दहा मिनिटं थांबा. बाटलीत एक थेंबही यायला नको.

दुसरी नीडल-सीटची. सलाईनची रिकामी बाटली आणि तिची नळी घ्या. बाटलीत १०० मिली पेट्रोल, वर हवेसाठी एक बारीक भोक. टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीइतकी, म्हणजे कार्बच्या वर साधारण ३० सेंटिमीटर उंच टांगा आणि नळी कार्बच्या निपलला लावा. थेंब पडायच्या पारदर्शक डबीकडं बघत राहा. बाउल भरेपर्यंत धार चालेल, मग थेंब होतील, मग पूर्ण थांबायला हवं. थांबलं नाही तर ओव्हरफ्लोच्या नळीखाली बाटली धरून दहा मिनिटांत किती मिली आलं ते मोजा. तोंडानं फुंकून नीडल तपासतात तेव्हा दाब टाकीच्या कितीतरी पट जास्त पडतो. तो दाब नीडलला सीटवरून ढकलतो आणि चांगली नीडलही नापास होते. म्हणून ही टांगती बाटली.
सावलीत, मोकळ्या हवेत करा. बॅटरीची वायर काढून ठेवा. ही नळी पेट्रोलनं कडक होते, दुसऱ्यांदा वापरू नका.

मांजराकाठ (लातूर)
केलं. कॉक बंद असताना दहा मिनिटांत ३ मिली. बाटलीच्या चाचणीत दहा मिनिटांत १२ मिली. बाउलवर टिचकी मारल्यावर थेंब थांबले, पण बाउल रिकामा करून परत भरला की पुन्हा सुरू.
ऑइलला पेट्रोलचा वास येतोय. पातळी काडीवरच्या वरच्या खुणेच्याही वर आहे.

बालाघाट_३५०
मग हिशोब उघड आहे. कॉक बंद असूनही दहा मिनिटांत ३, म्हणजे तासाला १८ मिली. रात्रीचे नऊ तास धरले तर १६० मिलीच्या पुढं. नीडल धरत नाही, म्हणून हे सगळं बाउलच्या वर येतं. थोडं जमिनीवर, थोडं इंजिनात. एखाद्या रात्री कॉक चुकून चालू राहिला तर नीडलच्या १२ मिलीनं सकाळपर्यंत साडेसहाशे मिली जाईल. दोन्ही गळतात, दोन्ही दुरुस्त करा. एकच केलंत तर काही दिवस बरं वाटेल आणि परत तेच.

आणि हे बघा: ओव्हरफ्लोची नळी चिखलानं किंवा कुंभारमाशीच्या घरानं बंद तर नाही ना? ती बंद असली की सगळं पेट्रोल बाहेर पडायच्या ऐवजी इनलेटमधून आत जातं. डाग लहान आणि तेलाला वास मोठा असेल तर पहिला संशय तिच्यावर. तार घालून मोकळी करा.

तेल आजच काढा. साधारण सव्वादोन लिटर लागतं, २० डब्ल्यू ५०. पण नवं महागडं तेल आत्ता घालू नका. नीडल आणि कॉक होईपर्यंत गाडी बंद ठेवा, मग साधं स्वस्त तेल घालून वीस मिनिटं चालवा, गरम असतानाच काढा, फिल्टर बदला आणि मग चांगलं भरा. खालचे प्लग उघडले की त्यांची जाळी धुवा आणि नवे वॉशर टाका.

कार्बोरेटर_काका (परभणी)
आता कार्ब. बाउल उघडला की तळाला बोट फिरवा. तांबूस चिखल असेल तर तो टाकीचा गंज. पांढरट दाणे म्हणजे पाण्यानं बाउलचं ॲल्युमिनियम खाल्लेलं. पिवळसर चिकट थर म्हणजे वाळलेलं पेट्रोल. कचरा कोणता ते कळलं तर तो कुठून येतो ते कळतं. नुसता धुऊन टाकला की महिन्यात परत येतो.

फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून नीडल बंद करणाऱ्या तुकड्याची) पिन काढा, नीडल बाहेर घ्या, भिंग लावून टोक बघा. सुळक्यावर भोवती गोल चर दिसला तर नीडल गेली. नवी घ्याल तर सीटसकट घ्या, जुन्या सीटवर नवी नीडल पंधरा दिवसांत तसाच चर पाडते. टोकाला रबर असेल तर त्याला काहीही घासायचं नाही. पूर्ण पितळी असेल आणि चर नसेल, तर कानात घालायच्या कापसाच्या काडीवर पितळ चमकवायचं पॉलिश घेऊन सीट हलक्या हातानं दहा-बारा वेळा फिरवून पुसता येते. वॉल्व्ह घासायची पेस्ट अजिबात नको. ती इतकी भरड असते की सीटचं तोंडच रुंद होतं.

सीटच्या खालचा फायबर वॉशर लोक विसरतात. तो चिरला की नीडल कितीही चांगली असो, पेट्रोल आट्यांमधून वाट काढतं. शिवाय त्याच्या जाडीवर पातळी ठरते. जाड वॉशर बसला की सीट खाली येते, नीडल लवकर बंद होते, पातळी उतरते. म्हणून जुना होता तेवढ्याच जाडीचा टाका.

फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ आली तर फुटका. आवाज नसला तरी गरम पाण्यात बुडवून बघा, हात घालवणार नाही इतपत गरम. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. पितळी फ्लोटला कथलाचा डाग देता येतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण उडाल्याशिवाय कावीया जवळ न्यायचा नाही. कथील कमीत कमी. फ्लोट जड झाला की तेवढा खोल बुडतो, नीडल उशिरा बंद होते आणि परत ओव्हर. प्लॅस्टिकचा फ्लोट चिकटवत बसू नका, बदला.

पातळी अशी बघायची: कार्ब उलटा करून थोडा तिरपा धरा, म्हणजे फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकेल, दाबणार नाही. त्या वेळी फ्लोटची कड गॅस्केटच्या कडेला समांतर हवी. उलट्या कार्बमध्ये फ्लोट बॉडीपासून जितका दूर, तितकी पातळी कमी. जीभ एका वेळी अगदी थोडी वाकवा. दोन्ही फ्लोट सारख्या उंचीवर आहेत ना तेही बघा. एक खाली असला की तो बाउलच्या भिंतीला घासतो.

अजून एक चोर. बाउलमध्ये उभी पितळी नळी असेल तर तिला उभी चीर जाते. बाउल गाडीपासून वेगळा करून नळीच्या टोकाच्या दोन मिमी खालपर्यंत पेट्रोल भरा आणि कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर नीडल निर्दोष, नळी दोषी.

राजधाव_७८ (नांदेड)
मध्येच विचारतो, माफ करा. यझदी रोडकिंगला हीच तक्रार. टू-स्ट्रोकमध्ये हेच सगळं लागू होतं का?

बालाघाट_३५०
कार्बपर्यंत तेच. पुढं फरक मोठा आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आधी क्रँककेसमध्ये जातं आणि तिथं साचतं. वरचा प्लग वाळवून काही होत नाही, कारण प्रत्येक किकेला खालून नवं पेट्रोल वर येतं. कॉक बंद, चाबी बंद, प्लग बाहेर, रेस पूर्ण उघडी, आणि पंधरा-वीस किका. तरी ओलं येत असेल तर डबल स्टँडवर तिसऱ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं फिरवत राहा. मग प्लग आणि भोकाभोवतीचा भाग दहा मिनिटं उघडा ठेवा.

प्लगचा ओलावा कागदावर टिपून घ्या. पेट्रोलचा डाग उडून जातो आणि मागं फक्त टू-टी तेलाची हलकी कड राहते. काळपट, चिकट डाग राहिला आणि सायलेन्सर पांढरा-निळा धूर सोडत असेल, तर कार्बला दोष देऊ नका. डाव्या बाजूची, प्रायमरीकडची क्रँकची सील गेली आहे आणि गिअरबॉक्सचं तेल आत ओढलं जातंय. गिअर ऑइलची पातळी वारंवार उतरते, ही त्याची पक्की खूण.

टिकलर (फ्लोट दाबून पेट्रोल वर आणणारं बटण) असलेला कार्ब असेल तर बटण पेट्रोल दिसेपर्यंतच दाबायचं. उन्हाळ्यात आपल्याकडं सकाळीही त्याची गरज पडत नाही. तेल लिटरला ३० ते ४० मिली. जास्त घातल्यानं इंजिनाचं भलं होत नाही, प्लग काळा होतो.

राजधाव_७८ (नांदेड)
गिअर ऑइल उतरतंय. सील बघतो. धन्यवाद.

दुधना
आता इथेनॉलचं पेट्रोल आलंय, ई-२०. जुन्या गाड्या त्याच्यानंच ओव्हर होऊ लागल्यात असं सगळेच म्हणतात.

कार्बोरेटर_काका (परभणी)
अर्धं खरं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळं त्याच जेटवर मिश्रण उलट पातळ होतं. साध्या पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे काळा धूर आणि ओला प्लग थेट इथेनॉलमुळं होत नाही.
पण आडमार्गानं होतं. जुनं रबर फुगतं: कॉकमधलं, पाइपचं, नीडलच्या टोकाचं. इथेनॉल टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा थर सोडवतं आणि तो सगळा सीटवर येऊन बसतो. पावसाळ्यात झाकणातून पाणी गेलं तर ते इथेनॉलला धरून खाली साठतं आणि टाकी आतून गंजते. म्हणून महिना-महिना उभी राहणारी गाडी असेल तर बाउल रिकामा करून ठेवा आणि टाकी काठोकाठ भरलेली ठेवा, आत हवा कमी म्हणजे गंज कमी.

उन्हात उभ्या गाडीला मात्र हे उलटं पडतं. दहा लिटर पेट्रोल २५ अंशांनी तापलं की जवळजवळ पाव लिटरनं वाढतं. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा ४३-४४ ला टेकतो, उन्हातला टाकीचा पत्रा त्याहून कितीतरी गरम. झाकणाचं हवेचं भोक धुळीनं बंद असेल तर आत दाब तयार होतो आणि तो नीडलला ढकलतो. उन्हात उभी राहिल्यावरच ओव्हर होते, सावलीत होत नाही, असं असेल तर झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो का बघा.

मांजराकाठ (लातूर)
बाउलच्या तळाला तांबूस चिखल होता. नीडलवर गोल चर स्पष्ट दिसतोय. नीडल-सीट संच आणि वॉशर नवे टाकले, फ्लोट चांगला आहे. कॉकमधलं चार भोकांचं रबर फुगून एका बाजूला चिरलं होतं, तेही बदललं. परत मोजलं: कॉक शून्य, बाटलीची चाचणी शून्य. सांगितलं तसं दोनदा तेल बदललं. सकाळी दुसऱ्या किकेला चालू, डाग नाही.
टाकीचा गंज कसा काढावा? आणि स्लोवरचा काळा धूर कमी झाला पण गेला नाही. दुपारची तक्रार जशीच्या तशी.

बालाघाट_३५०
टाकीसाठी सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळतं ते लिंबूफूल. कोमट पाण्यात लिटरला १०० ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून १२ ते २४ तास. कॉकच्या जागी बूच हवा. मध्ये एक-दोनदा हलवा. रिकामी केल्यावर लगेच खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, मग साध्या पाण्यानं धुवा आणि थांबू नका. ओला उघडा पत्रा तासाभरात परत तांबूस होतो. गरम हवेनं वाळवा आणि एक लिटर पेट्रोलमध्ये १०० मिली टू-टी तेल घालून आतून सगळीकडं फिरवून काढा. रंगावर ॲसिड सांडू देऊ नका. कॉकची जाळी फाटकी असेल तर ती बदलल्याशिवाय टाकी बसवू नका.

स्लोवरचा धूर: चोकचा प्लंजर बघा. या कार्बमध्ये चोक म्हणजे वेगळी पेट्रोलची वाट आहे आणि प्लंजरच्या खालचं रबर ती बंद करतं. रबर झिजलं की लिव्हर बंद असूनही चोक चालूच राहतो. स्लोवर आणि थोड्या रेसवर काळा धूर, पूर्ण रेसवर गाडी चांगली, हे त्याचंच लक्षण. एअर स्क्रूनं खात्री होते: पूर्ण बाहेर काढला तरी स्लोमध्ये काही फरक पडत नसेल तर पेट्रोल दुसऱ्या वाटेनं येतंय. आणि लक्षात ठेवा, या कार्बमध्ये स्क्रू आत घेतला की मिश्रण घट्ट, बाहेर काढला की पातळ. बरेच जण उलटं करतात.
फिल्टर साफ केलाय म्हणता, पण पेपर फिल्टर असेल तर धुऊन उपयोग नाही. आतून बाहेर हवा मारा, उजेडासमोर धरा. उजेड दिसत नसेल तर नवा टाका. जिनिंगच्या दिवसांत मानवत-सेलूकडं गाडी फिरत असेल तर कापसाचे तंतू कागदावर नमद्यासारखे बसतात, तिथं महिन्याला बघावं लागतं.

कार्बोरेटर_काका (परभणी)
दुपारचं मी घेतो. गरम गाडी बंद केली की हेडची उष्णता कार्बमध्ये येते, वरून थंड हवाही वाहत नाही. बाउलमधलं पेट्रोल उकळून जेटमधून वर चढतं आणि इनलेट भरून टाकतं. म्हणून दहा मिनिटांनी ओव्हर, अर्ध्या तासानं उडून गेलं की चालू. हेड आणि कार्बच्या मध्ये जाड फायबरचा तुकडा असतो, तो उष्णता अडवतो. मागं कधी काम झालं तेव्हा त्याच्या जागी पातळ कागदाचं पॅकिंग बसवलं असेल तर हेच होणार.

पण एवढ्यावर थांबू नका. भरलेलं मिश्रण चांगली ठिणगी पेटवते, कमजोर ठिणगी पेटवत नाही. इंजिन गरम असताना ठिणगी तपासा: वायरचं टोक इंजिनच्या पत्र्यापासून ५-६ मिमी लांब धरा, प्लगच्या भोकापासून हातभर दूर, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि तिथं ठिणगी पडली की भडका उडतो. ठिणगी निळी आणि टक-टक आवाजाची हवी. पिवळी, लुळी असेल तर पॉइंट उघडताना बघा. पॉइंटवर मोठी निळसर चमक म्हणजे पॉइंटला जोडलेला कंडेन्सर गेला. कंडेन्सर थंड असताना बरोबर चालतो आणि गरम झाला की मरतो, म्हणून सकाळची तपासणी काहीच सांगत नाही. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचा ०.५ मिमी. बॅटरी उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा. टॅपेट (वॉल्व्हची फट) थंड इंजिनात: पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, वर-खाली हलायला नको.

मांजराकाठ (लातूर)
फायबरचा तुकडा नव्हताच, कागदी पॅकिंग होतं. चोकच्या प्लंजरच्या रबरावर खोल गोल ठसा. गरम इंजिनवर ठिणगी पिवळी, पॉइंटवर चमक. फायबर, प्लंजर, कंडेन्सर तिन्ही नवे टाकले. एअर स्क्रू आता सव्वा आट्यावर स्लो बसतो आणि फिरवला की फरक कळतो. बाहेर ४१ अंश असताना वीस किलोमीटर चालवून दहा मिनिटं थांबवली, तिसऱ्या किकेला चालू.
एक शेवटचं. तरीही कधी गरम गाडी ओव्हर झालीच तर रस्त्यात काय क्रम ठेवायचा?

बालाघाट_३५०
कॉक बंद, चोक बंद, चाबी बंद. रेस पूर्ण उघडी धरून डिकंप्रेशन लिव्हर (सिलिंडरचा दाब सोडणारा) दाबा आणि आठ-दहा निवांत किका. साचलेलं बाहेर जातं. पाच मिनिटं सावलीत थांबा. मग चाबी लावा, लिव्हर दाबून किक हळू खाली नेत ॲम्पिअर मीटरचा काटा मधोमध आणा, लिव्हर सोडा, किक वर घ्या. रेस अर्धी उघडी ठेवून एकच पूर्ण, लांब किक. पेटली की रेस लगेच कमी करा आणि मगच कॉक उघडा. बाउलमधलं पेट्रोल तेवढ्याला पुरतं. दोनदा नाही झाली तर तिसरी मारू नका, प्लग काढा. वाळवलेला सुटा प्लग डिकीत कायम ठेवा, गॅप ०.५ लावूनच.

कार्बोरेटर_काका (परभणी)
आणि उन्हाळ्यात घर दोन-तीनशे मीटरवर आलं की चालत्या गाडीतच कॉक बंद करायचा. बाउल अर्धा रिकामा होऊन गाडी उभी राहते, उकळायला पेट्रोलच कमी उरतं. नव्या नीडलची बाटलीची चाचणी पंधरा दिवसांनी एकदा परत करा. टाकीतला उरलासुरला गंज तोपर्यंत खाली आलेला असतो.